उताऱ्यानुसार

खैरनार सर म्हणतात, आधी प्रश्न वाचा, मग उतारा.
काय शोधायचंय ते ठाऊक असलं
की डोळे उगाच भटकत नाहीत.
अशोकस्तंभाजवळच्या अभ्यासिकेत, अठ्ठावीस नंबरच्या खुर्चीत
(महिना सहाशे, पंख्याखालची असेल तर सातशे)
मी सकाळपासून तिसऱ्यांदा वाचतेय
उत्तर ध्रुवावरचं वितळणारं बर्फ.
त्याआधी मधमाश्या होत्या.
त्याआधी कुठल्याशा देशातली चलनवाढ,
जिथे माणसं पाव आणायला पोत्यात नोटा भरून नेत.

आमच्याकडे नाशिकरोडला नोटा छापतात,
असं बाहेरगावच्या मुलींना सांगितलं की त्या हसतात.
मग तुला गं कशाला हवी बँक?

उतारे सोडवतेय म्हटल्यावर
मामाने विचारलं, कुठल्या गटाचा?
मावशीला वाटलं दृष्टीचा,
भात, लिंबू, काजळ,
तिकाटण्यावर ठेवायचा आणि मागे न बघता घरी यायचं.
तिचं फार चुकलं नाही.
सरही तेच सांगतात, मागे वळू नकोस,
एक परिच्छेद मागे गेलीस
की चाळीस सेकंद गेले.

मागच्या मुख्य परीक्षेत सव्वा गुणाने गेलं.
घरात सव्वा शुभ मानतात,
देवापुढे सव्वा रुपया, प्रसादाला सव्वा किलो रवा.
मला त्या सव्वाचा प्रश्नसुद्धा आठवतो.
लेखकाचा सूर कोणता?
मी निवडला उपरोधिक.
लेखक चिंतेत होता.

पप्पा इंदिरानगरच्या एटीएमवर, रात्रपाळीला.
सकाळी येतात आणि खिशातून काढतात
लोकांनी टाकलेल्या पावत्या,
मांडीवर घासून सरळ केलेल्या.
मागची बाजू कोरी असते.
तिच्यावर मी अवघड शब्द उतरवते.
फ्रुगल, म्हणजे काटकसरी.
रिलक्टंट, म्हणजे मनात नसताना.
मिटिगेट, म्हणजे दुःख, धग वगैरे कमी करणे.
पुढचे आकडे काही महिन्यांत उडून जातात,
त्या कागदाचा गुणच तसा.
माझं निळं पेन राहतं.

पण उडायच्या आधी मी पुढची बाजूही वाचते.
सवयच लागलीय.
पहाटे दोन सत्तावीस, हजार रुपये, व्यवहार नाकारला.
दोन अठ्ठावीस, पाचशे, नाकारला.
दोन एकोणतीस, दोनशे.
शिल्लक बारा रुपये चाळीस पैसे.

यावरून काय अनुमान काढता येईल?
सर म्हणतात, उताऱ्यात नाही ते मनाचं घालायचं नाही.
उताऱ्यात तापलेलं मूल नाही.
उताऱ्यात रात्रभर उघडं असणारं औषधाचं दुकान नाही.
आहेत फक्त तीन मिनिटं, आणि उतरत गेलेला आकडा.
मी मनातल्या मनात खूण केली,
निश्चित सांगता येत नाही.

मग राहवेना, पप्पांना विचारलं.
ते बूट काढत होते.
हो, म्हणाले, आला होता एक पोरगा.
पैसे मोजले. दोनच नोटा, तरी मोजल्या.
मग विचारलं, काका, इथे आता चहा कुठे मिळेल?
मी म्हटलं, द्वारकेला जा.
अजून काय?
अजून काही नाही. गेला.

पाच पर्यायांत चहा नव्हता.

रविवारी पुन्हा परीक्षा आहे, दुपारची पाळी.
घड्याळ लावून तीस उतारे झाले,
बर्फ आता मला पाठ आहे, तरी पाचवा प्रश्न चुकतो.
आज सकाळी पप्पांनी एकच पावती आणली.
मशीन बंद होतं, म्हणाले,
रात्रभर माणसं यायची, काचेवरचा कागद वाचायची आणि परत जायची.
मग म्हणाले, झाला का अभ्यास?
सूर उपरोधिक नव्हता. एवढं आता कळतं.

पावती बोटभर लांब.
मागे एकच शब्द मावेल.
पेनाचं टोपण दातात धरून
मी कधीची बसलेय.